मार्क २० एच घ्यायची? आधी गिअरकेस उघडून बघा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर कुणी हे वाचलं तरी संदर्भ लागेल. मिनेसोटात एका जुन्या घराच्या सामानविक्रीत तुम्हाला ‘मर्क्युरी मार्क २० एच’ म्हणून होडीच्या मागे लावायची एक जुनी रेसिंग मोटर (आउटबोर्ड) दाखवली. पॉवरहेड, म्हणजे वरचं इंजिन, मोकळं फिरतंय, कॉम्प्रेशन चांगलं आहे, रंगही बरा आहे. पण लोअर युनिटच्या, म्हणजे गिअरकेस आणि पंखा असलेल्या पाण्याखालच्या भागाच्या, खालच्या स्क्रूपाशी दुधट तेल ओघळलेलं आहे आणि पंख्याचा शाफ्ट हाताने हलवला की किंचित डुगडुगतो. मालकाचं म्हणणं, गिअरकेसचं काय एवढं, ती कुठेही मिळेल, इंजिन उत्तम आहे ते बघा. तुम्ही विचारता, घ्यावी का, घेतली तर काय काय उघडून बघावं, आणि पुढच्या उन्हाळ्यात विंटेज मेळाव्यात ती पाण्यात उतरेल का.

मालक नेमकं उलटं सांगतोय. इंजिन कुठेही मिळेल, गिअरकेस मिळणार नाही. त्यामुळे गिअरकेस पाहिल्याशिवाय एक डॉलरही पुढे करू नका. हे एवढ्या ठामपणे का म्हणतो, ते जरा विस्ताराने सांगावं लागेल.

१९३९ मध्ये कार्ल कीकहेफर यांनी विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्गचा थॉर मोटरींचा डबघाईला आलेला कारखाना हाती घेतला. माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीने नाकारलेल्या मोटरी तिथे पडून होत्या. त्या सुधारून विकल्या आणि तिथूनच पुढे मर्क्युरी उभी राहिली. युद्धानंतर दुकानातून घेतलेल्या मोटरीवर शर्यत लावण्याचं, म्हणजे ‘स्टॉक’ वर्गांचं, वेड अमेरिकेत पसरलं आणि मर्क्युरीला ते आयतंच फळलं. मर्क्युरीच्या तेव्हाच्या केजी-७ मोटरीवर ‘सुपर १०’ असं लिहिलेलं असायचं. दहा घोडे नावापुरते, मोटर त्याहून बरंच जास्त काढायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९.८ घनइंच, म्हणजे साधारण ३२५ सीसी, दोन सिलिंडर. बी वर्गाची मर्यादा २० घनइंचांची, त्यात ती नेमकी बसायची. मार्क २० आणि तिची रेसिंग बहीण मार्क २० एच ही याच घराण्यातली पुढची पिढी.

आता मुद्द्याचं. या मोटरींची पॉवरहेड्स मासेमारीच्या मोटरींशी मोठ्या प्रमाणात मिळतीजुळती आहेत. बेताच्या खर्चात पिस्टन, रिंगा, क्रँक, कॉइल्स जमवता येतात, कारण साध्या मोटरी ढिगाने विकल्या गेल्या आणि आजही गॅरेजांच्या कोपऱ्यांत त्या पडून आहेत. रेसिंग मोटरीला वेगळेपण आलं ते मुख्यतः खाली, ‘क्विकसिल्वर’ नावाच्या लोअर युनिटमध्ये. ते संख्येने कमी बनलं, जास्त हाणलं गेलं आणि खडकांवर, ओंडक्यांवर जास्त आपटलं. शर्यती काही फक्त तळ्यातल्या गोल चकरांच्या नव्हत्या. ऑल्बनी ते न्यूयॉर्क अशी हडसन नदीवरून मॅरेथॉन व्हायची, विस्कॉन्सिनमध्ये लेक विनेबेगोची व्हायची. उघड्या पाण्यातल्या लाटा आणि वाहून आलेला लाकूडफाटा यांनी किती स्केग, म्हणजे लोअर युनिटच्या तळाचे उभे पातळ कल्ले, वाकवले असतील, याची गणती नाही.

पॉवरहेड इकडचं तिकडे लावता येतं, याचं टोकाचं उदाहरण जर्मनीचं आहे. बर्लिनच्या डीटर कोनिग यांची दोन-स्ट्रोक आउटबोर्ड रेसिंग इंजिनं किम न्यूकम यांनी मोटारसायकलच्या फ्रेममध्ये बसवली, आणि १९७३ च्या ५०० सीसी जागतिक स्पर्धेत ते दुसरे आले. त्याच हंगामात सिल्व्हरस्टोनला अपघातात ते गेले, म्हणून ही गोष्ट हळहळीनेच सांगितली जाते. सांगायचं इतकंच की होडीचं इंजिन रस्त्यावरही पळू शकतं. लोअर युनिट मात्र पाण्याखाली एकच काम करण्यासाठी घडवलेलं असतं आणि त्याला पर्याय नसतो.

हे काम काय, ते नीट समजून घ्या, म्हणजे बघताना नजर कुठे ठेवायची ते आपोआप कळेल.

उभा ड्राइव्ह शाफ्ट खाली येतो, त्याच्या टोकाला पिनियन, म्हणजे लहान गिअर. ते पंख्याच्या आडव्या शाफ्टवरच्या मोठ्या गिअरशी काटकोनात जुळतं. या दोघांना पोटात घेणारी जी बंदुकीच्या गोळीच्या आकाराची नळी आहे तिला सगळे ‘बुलेट’ म्हणतात. बुलेट किती जाड असणार हे आतल्या मोठ्या गिअरवर ठरतं. मासेमारीच्या मोटरीत इंजिनाचे तीन फेरे झाले की पंख्याचे दोन व्हावेत असं काहीतरी प्रमाण ठेवतात, म्हणजे जड होडी मंद, मोठ्या पंख्याने ढकलता येते. त्यासाठी खालचा गिअर पिनियनच्या दीडपट मोठा लागतो आणि बुलेट फुगते. रेसिंग युनिटात प्रमाण एकास एकच्या आसपास ठेवलं की दोन्ही गिअर सारखेच लहान ठेवता येतात आणि बुलेट बारीक होते.

याने किती फरक पडतो ते कागदावर मांडून बघू. होडी तासाला ६० मैलांनी चालली आहे असं धरा, म्हणजे सेकंदाला जवळपास २७ मीटर. बुलेटचा व्यास साडेतीन इंच असेल आणि ड्रॅगचा गुणांक ०.१ धरला, तर नुसती ती बुलेट पाण्यातून ओढायला साधारण ८ घोडे खर्च होतात. व्यास सव्वादोन इंच असेल तर ३.३ घोडे. गुणांक बदलला तर आकडे बदलतील, पण दोघांतलं गुणोत्तर बदलणार नाही, कारण ते व्यासाच्या वर्गावर जातं. वीसेक घोड्यांच्या मोटरीत पावणेपाच घोडे नुसत्या जाडीपायी गेले तर पॉवरहेडवर रात्र-रात्र पोर्ट घासून मिळवलेलं सगळं पाण्यात. म्हणून त्या काळचे जाणते रेसर आधी खालचं युनिट मिळवायचे आणि मग इंजिनाकडे वळायचे.

वेगाचं गणितही सोपं आहे. ६,००० आरपीएम, एकास एक, पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जायला हवा ते अंतर, १० इंच. पंखा मिनिटाला ६०,००० इंच पुढे जायला हवा, म्हणजे तासाला ५६.८ मैल. त्यातून पंख्याची पाण्यातली घसर वजा करा. तीनास दोनच्या युनिटात त्याच पंख्याने ३८ च्या आतच राहाल, आणि तोच वेग हवा असेल तर १५ इंच पिचचा पंखा लावावा लागेल. इंजिनाला तो झेपेलही, पण जाड बुलेटचं ओझं मानेवर राहतंच.

आता कुणी म्हणेल, एवढे लहान गिअर वीस घोडे कसे पेलतात? २० घोडे ६,००० आरपीएमला म्हणजे टॉर्क जेमतेम २४ न्यूटन-मीटर. कारच्या चाकाचा नट आपण याच्या चौपट आवळतो. गिअर टॉर्कने मरत नाहीत, धक्क्याने मरतात. हायड्रोप्लेन, म्हणजे पाण्यावरून सरपटत पळणारी शर्यतीची होडी, लाटेवरून उडाली की पंखा हवेत येतो, मोटर किंचाळत वर जाते, आणि पुढच्या क्षणी पंखा पुन्हा पाण्यात घुसून एकदम चावतो. त्या एका चाव्यात दात्यावर नेहमीच्या कितीतरी पट भार येतो. पंख्याची पिन त्यासाठीच मऊ ठेवलेली असते, आधी ती तुटावी म्हणून. म्हणूनच पंखा काढल्यावर तिथे पिनऐवजी कुणी कडक ड्रिल बिटचा तुकडा ठोकलेला दिसला, तर आतले गिअर तपासल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका. असले दीडशहाणे प्रत्येक पिढीत सापडतात.

तर आता मोटरीसमोर उभे आहात असं समजून क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न, ते खरंच क्विकसिल्वर आहे का? नाव पॉवरहेडवर असतं, आणि पॉवरहेड कुणीही कशावरही चढवतं. स्टिकर, प्लेट, मालकाचे आजोबा, काही मानू नका. स्पार्क प्लग काढा, फ्लायव्हीलवर खडूने एक खूण करा, पंख्याच्या एका पात्यावर दुसरी. फ्लायव्हील दहा वेळा फिरवा आणि पंखा किती वेळा फिरतो ते मोजा. दहाच्या आसपास आला तर आशा आहे. साडेसहा-सातच्या घरात आला, तर हे मासेमारीचं युनिट आहे आणि मोटरीचा भावही तोच. त्याबरोबर बघायचं ते म्हणजे न्यूट्रल किंवा रिव्हर्सचा दांडा. रेसिंग युनिटात असलं काही नसतं. इंजिन चालू झालं की पंखा फिरणारच.

मग तेल. मोटर स्टँडवर रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी खालचा स्क्रू अगदी अर्धा आटा सैल करा. घाई करू नका. आत पाणी असेल तर ते तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. पहिले काही थेंब स्वच्छ पाण्याचे आले आणि मग तेल आलं, तर मोटर न चालवता बरीच वर्षं पडून आहे आणि सीलमधून पाणी झिरपलंय. तुम्ही लिहिलंय तसं तेल दुधट असेल, तर पाणी आत असतानाच ती चालवली गेली आहे. माझ्या मते दोहोंत पहिली स्थिती वाईट. दुधट तेलाने निदान पाणी सगळीकडे मिसळलेलं असतं. स्थिर पाण्यात मात्र खालच्या गिअरचे बुडालेले दाते आणि बेअरिंगची खालची बाजू हिवाळ्यामागून हिवाळा गंजत बसतात. ते तेल बोटांत चोळून बघा. चमचमणारी पूड ही नेहमीची झीज. नखाला टोचणारा कण म्हणजे दात्याचा किंवा बेअरिंगचा टवका.

मिनेसोटात आणखी एक भानगड आहे, जी आपल्याकडच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. आत साचलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि ॲल्युमिनियमचं कास्टिंग फोडतं. तडा बहुतेकदा बुलेटच्या खालच्या अंगाला किंवा स्केग जिथे सुरू होतो तिथे असतो, केसाएवढा, आणि वरून रंग मारला की दिसतही नाही. टॉर्च आडवी धरा, प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जाऊ द्या. नख फिरवा. शंका आली तर डाय पेनिट्रंटची बाटली वेल्डिंगच्या दुकानात मिळते. रंग खरवडून लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरं डेव्हलपर फवारायचं. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मालक रंग खरवडू देत नसेल, तर ते तुमचं उत्तर समजा.

मग शाफ्ट. पंखा काढून शाफ्ट धरा आणि आत-बाहेर ढकला. किंचित हलणं चालतं, त्यासाठी शिम, म्हणजे जाडी जुळवायच्या पातळ चकत्या, असतात. वर-खाली, डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलंय. किंवा त्याहून वाईट, बेअरिंगची बाहेरची रेस, म्हणजे कडी, कास्टिंगमध्येच फिरू लागलीय आणि तिचं बसायचं घर मोठं झालंय. बेअरिंग नवं आणता येतं. मोठं झालेलं घर लेथवर बोअर करून त्यात स्लीव्ह बसवावी लागते, आणि एवढ्या बारीक बुलेटमध्ये त्यासाठी भिंतीला जाडी उरलेली असतेच असं नाही. डायल गेज असेल तर शाफ्टचा वाकही बघा. दोन-तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) असेल तर निभतं, त्यापुढे शाफ्ट वाकलेला समजा. तुमचा ‘किंचित डुगडुगतो’ हा शब्दप्रयोग मला याच जागी खटकला. आत-बाहेर की आडवा, ते नीट बघून या.

एकास एक युनिटातली एक खुबी इथे सांगायला हवी. प्लग काढून पंखा हाताने अगदी हळू फिरवा. एका फेऱ्यात एकदाच ‘टक्’ जाणवलं तर कुठलातरी दाता दुखावलेला आहे. पण कुठला, पिनियनचा की खालच्या गिअरचा, हे साध्या युनिटात फेऱ्यांच्या हिशेबाने ओळखता येतं, इथे येत नाही, कारण दोन्ही बरोबरीने फिरतात. शिवाय दाते अगदी समसमान असतील तर तोच दाता आयुष्यभर त्याच दात्यावर आपटत राहतो, आणि एकाची जखम दुसऱ्यावर छापली जाते. म्हणून गिअर बनवणारे शक्यतो १४ ला १५ असं एका दात्याचं अंतर ठेवणं पसंत करतात, म्हणजे जोड्या बदलत राहतात आणि झीज वाटली जाते. तुमच्या युनिटात दाते समान निघाले तर उघडण्याआधी जुळलेल्या दोन दात्यांवर खूण करा आणि पुन्हा त्याच जोडीत बसवा. आणि जोडी म्हणजे जोडी. एका युनिटाचं पिनियन आणि दुसऱ्याचा गिअर, दोन्ही ‘चांगले’ आहेत म्हणून एकत्र लावले तर ते एकमेकांना खाणार.

घेतलीत असं धरून पुढचं सांगतो.

उघडताना हातोडी दूर ठेवा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं ॲल्युमिनियम आणि स्टील पाण्यात एकत्र राहिलं की त्यांच्यात पांढरी पूड धरते आणि स्क्रू सिमेंट केल्यासारखे होतात. भेदक तेल टाकून काही दिवस राहू द्या. नट किंवा रिंग सैल करण्याआधी आटे उजवे आहेत की डावे हे पाहून घ्या, नाहीतर जोर लावून उलटं आवळाल. बेअरिंग काढायला उष्णता हवी, पण टॉर्चची ज्योत नको. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. घरच्या ओव्हनमध्ये ११०-१२० अंश पुरे. ४० मिलिमीटरचं घर ९० अंशांनी तापवलं की साधारण ०.०८ मिलिमीटरने, म्हणजे तीन थाऊने, मोठं होतं. बेअरिंगही तापतं, त्यामुळे हातात दीड थाऊच पडतो, पण तेवढ्यात लाकडावर हलकं आपटल्यावर ते बऱ्याचदा आपसूक खाली येतं. ओव्हन घरातला असेल तर आधी तेल धुऊन काढा. वास आठवडाभर जात नाही आणि घरची मंडळी माफ करत नाहीत.

गिअर स्वच्छ धुऊन भिंगाखाली बघा. दात्यांच्या टोकाला आलेली चमक ठीक. मधल्या पट्ट्यात मुंगीने चावल्यासारखे खड्डे असतील तर ते गंजाचे की थकव्याचे, हे ओळखा. गंजाचे खड्डे एका बाजूच्या काही दात्यांवरच असतात, जिथे पाणी साचलं होतं तिथे, आणि त्यांची कड ओबडधोबड असते. थकव्याचे खड्डे सगळ्या दात्यांवर, नेमक्या दाबाच्या रेषेत येतात. गंजाचे उथळ खड्डे असलेले गिअर मेळाव्यातल्या दोन-चार फेऱ्यांना चालतील, असं मी म्हणेन. सगळ्या दात्यांवर टवके उडायला लागले असतील तर ती जोडी भिंतीवर टांगायची. वरचा कडक थर एकदा फुटला की उरलेलं झपाट्याने जातं.

सील जुने असणारच, ते सगळे बदला. मूळ नंबर शोधत बसू नका. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कॅलिपरने मोजा आणि बेअरिंगच्या दुकानात मापावर घ्या. शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडलेली असेल तर नवा सील तिथे गळणारच. सील घरात एखादा मिलिमीटर मागे-पुढे बसतोय का बघा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. जागाच नसेल तर पातळ दुरुस्ती स्लीव्ह मिळते. ऑइल सीलचं हे दुखणं सगळ्या पंपांनाही असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंप दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा.

जुळणीचा भाग मात्र शांत डोक्याने करायचा. पिनियनखालच्या शिमने दात्यांची खोली ठरते, मोठ्या गिअरमागच्या शिमने प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, ठरतो. एकाला हात लावला की दुसरं हलतं, त्यामुळे आधी पिनियन निश्चित करा, मग प्ले. एवढ्या लहान बेव्हल गिअरना तीन ते पाच थाऊ प्ले धरून सुरुवात करा. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. मग तीन-चार दात्यांवर प्रशियन ब्ल्यू या निळ्या लेपाचा अगदी पातळ थर द्या, पंख्याच्या शाफ्टला चिंधी गुंडाळून थोडा रोध धरा आणि ड्राइव्ह शाफ्ट फिरवा. निळ्यात जिथे धातू उघडा पडला तो खरा संपर्क. तो दात्याच्या मधोमध, लांबीच्या निम्म्याहून थोडा जास्त, आणि आतल्या अरुंद टोकाकडे किंचित झुकलेला हवा. अगदी मधोमध का नको? कारण भार आला की शाफ्ट वाकतात, घर ताणलं जातं आणि ठसा बाहेरच्या रुंद टोकाकडे सरकतो. रिकाम्या हाताने मधोमध आलेला ठसा पाण्यात कडेवर जाईल, आणि दात्याचा कोपरा तुटेल. ठसा दात्याच्या शेंड्याला लागत असेल तर पिनियन अजून आत हवं, मुळाशी लागत असेल तर बाहेर. एक शिम बदलायचा, पुन्हा पुसायचं, पुन्हा निळं. यात एक दुपार गेली तर ती वाया गेली असं समजू नका.

जोडल्यावर तेल भरण्याआधी हवेने चार-पाच पीएसआय दाब द्या आणि गिअरकेस बादलीत बुडवा. बुडबुडे जिथून येतील तिथे उद्या पाणी शिरेल. जास्त दाब देऊ नका, सीलचे ओठ उलटतात. तेल चांगलं ईपी ९०, म्हणजे जास्त दाब सोसणारं गिअर तेल, चालतं, मात्र तुमच्या हाती १९३० च्या दशकातली जॉन्सन कंपनीची मोटर वगैरे आली आणि आत पितळी किंवा कांस्याचे बुश असले, तर पिवळ्या धातूला सुरक्षित असं लिहिलेलंच तेल घ्या. काही ईपी तेलांतला गंधक त्यांना खातो. जॉन्सनवरून आठवलं, त्यांच्या बऱ्याच मोटरींत पाण्याचा पंप नसतो. पंख्यामागच्या दाबाने पाणी नळीत चढतं, म्हणून पंखा काढून ती मोटर क्षणभरही चालवायची नाही. त्या घराण्याचं एक सुख असं की कॅलिफोर्नियात रँडॉल्फ हबेल यांनी जॉन्सन पीआरसारख्या रेसिंग मोटरींचे भाग अनेक वर्षं नव्याने बनवले, त्यामुळे त्या अजूनही पाण्यात दिसतात.

तुटलेला स्केग वेल्ड करून घ्यावा का? जुनं डायकास्टिंग सच्छिद्र असतं, त्यात दशकांचं तेल मुरलेलं असतं. टिग वेल्डिंग लावलं की ते उकळून वर येतं आणि वेल्ड जाळीदार होतो. आधी तापवून, धुऊन, पुन्हा तापवून तेल काढणारा वेल्डर मिळाला तर करा, आणि करायचं तर बेअरिंग बसवण्याआधी, कारण उष्णतेने घरं वाकडी होतात आणि नंतर बोअर तपासावे लागतात. स्केग नुसता कानस मारून पातळ केलेला असेल तर त्याला हात लावू नका. तेव्हाच्या कुणा रेसरने शर्यतीच्या आदल्या रात्री केलेलं काम असेल ते. भरून काढून, रंगवून त्याला शोरूममधला दिसवण्यात मला काही राम वाटत नाही. रंगाबद्दल तुम्ही बरंच विचारलं आहे, पण तो विषय सर्वांत शेवटी, आणि हवं तर कधीच नाही.

वेगाच्या वेडाचं एक टोक सांगतो, म्हणजे खालच्या युनिटाला लोक का जपतात ते कळेल. १९५८ मध्ये सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ह्यू एन्ट्रॉप यांनी सहा सिलिंडरच्या मर्क्युरीवर तासाला १०७.८२१ मैलांचा विक्रम केला, आणि १९६० मध्ये ॲरिझोनातल्या लेक हवासूवर एव्हिनरूड कंपनीच्या मोटरीवर १२२.९७९ मैलांचा. या वेगांना बुलेटच्या नाकापाशीच पाणी फाटतं, बुडबुड्यांची झूल मागे पसरत पंख्यापर्यंत पोचते आणि पंखा पकड सोडतो. नाकाची टोकदार घडण आणि पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा तिथे खरोखर महत्त्वाचे ठरतात. तुमच्या साठीच्या वेगात तेवढी फिकीर नको, पण नाकावर खडकाची खोल खोच असेल तर ती गुळगुळीत करून घ्या.

पहिल्यांदा चालवताना न्यूट्रल नाही हे क्षणभरही विसरू नका. दोरी ओढली की होडी निघाली. बांधून ठेवलेल्या होडीवर, कमरेएवढ्या पाण्यात, एक माणूस पुढे धरायला, आणि अंगाला बांधलेली इंजिन बंद करणारी दोरी असल्याशिवाय दोरीला हात नाही. गुडघ्यावर बसून चालवायची असते, तोल गेला की थेट पंख्याच्या दिशेने. काही मिनिटं चालवून तेल काढा, बघा, नवीन भरा. शर्यतवाले प्रत्येक फेरीनंतर तेल बदलायचे, आणि त्यात काही अतिरेक नव्हता. त्या बारीक पोटात मावतंच थोडं.

राहिला भाव आणि पुढचा उन्हाळा. फ्लायव्हीलच्या खुणांनी प्रमाण एकास एकच्या जवळ निघालं, कास्टिंगला तडा नाही आणि तेलात टवके नाहीत, तर दुधट तेल आणि डुगडुगणारा शाफ्ट असूनही घ्या, आणि मालक जरा जास्त मागत असेल तरी घ्या. सील आणि बेअरिंग हिवाळ्यात बसतील आणि जूनमध्ये तुम्ही पाण्यात असाल. तडा असेल किंवा घर झिजलं असेल, तर फक्त पॉवरहेडचा भाव द्या आणि मालकाला कारण सांगूनच द्या. गिअरचे दाते गेले असतील तर जोडी शोधण्यात एक हंगाम सहज जातो, विचारपूस जुन्या आउटबोर्डच्या क्लबमधल्या म्हाताऱ्या मंडळींकडे करावी लागते, आणि नवी जोडी काटून घ्यायची तर सरळ दात्यांचे बेव्हल गिअर करणारा कारखाना मिळेल, पण सर्पिल दात्यांचे असतील तर एकाच जोडीसाठी मशीन लावायला कुणी सहजी तयार होत नाही. त्या स्थितीत पुढच्या उन्हाळ्याचा विचार सोडा आणि पॉवरहेडमध्ये तेल घालून, प्लग बसवून मोटर कोरड्या जागी उभी ठेवा. लोअर युनिट मात्र रिकामं करून, स्क्रू काढूनच ठेवा.